पेजमेकरमधल्या जुन्या मराठी फाइली युनिकोडमधे कशा आणायच्या?

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. पोस्ट जरा मोठी झालीये, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

सांगली जिल्ह्यात तालुक्याच्या गावी आमचा छोटा छापखाना आहे. सासऱ्यांनी ट्रेडल छपाईयंत्रावर सुरू केला, नंतर ऑफसेट आलं, आणि नव्वदीत कंप्युटर घेतला तेव्हापासून डीटीपी, म्हणजे कंप्युटरवर पानं लावायचं काम, घरातच. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल हे रोजचं काम. पण त्याशिवाय १९९६ ते २०११ आमच्याकडे एक स्थानिक दिवाळी अंक लागायचा, आणि एका निवृत्त गुरुजींचं पुस्तक आम्ही छापलं होतं, आपल्या भागातल्या शेतीच्या औजारांच्या आणि मोटेच्या शब्दांचं. मोट, नाडा, सोंदूर, धाव, थारोळं, कुळव, पाभर, चाडं, रुमणं, शिवळ असे शेकडो शब्द, आणि प्रत्येकाखाली ती वस्तू कुठल्या लाकडाची, कोण बनवायचं, नदीच्या पलीकडं तिला काय म्हणतात. गुरुजी आता नाहीत, पुस्तकाच्या प्रती कधीच संपल्या.

आता होतंय असं की लोक हे मागायला लागलेत. शिकायला बाहेर गेलेली पोरं, शेतीवर व्हिडिओ करणारे, एक संशोधक बाई, सगळे म्हणतात पीडीएफ पाठवा नाहीतर नेटवर टाका. मी जुन्या मशीनवर पेजमेकर हे पानं लावायचं सॉफ्टवेअर उघडलं तर पान अगदी जसंच्या तसं दिसतं, पण त्यातला मजकूर कॉपी करून व्हॉट्सॲपला टाकला की नुसती इंग्रजी अक्षरं, कंस, टक्के, अधिकची चिन्हं. पीडीएफ करून बघितली, ती दिसते छान, पण त्यात 'पाभर' शोधलं तर काहीच सापडत नाही. आणि जे सर्चमधे येत नाही ते आजच्या पोरांच्या लेखी नसल्यासारखंच.

सीडी आहेत, एक जुनी हार्डडिस्क आहे, काही फ्लॉप्या पण आहेत. फॉन्ट किमान दोन कंपन्यांचे. हे सगळं पुन्हा टाइप करत बसायचं की बदलायचा काही रस्ता आहे? ऑनलाइन कन्व्हर्टर बरेच दिसतात, कुठला वापरू? आणि गुरुजींचं पुस्तक असं नेटवर टाकलं तर चालतं का, ते पण सांगा. मी कॉमर्सवाली, कंप्युटर कामापुरता येतो, तेव्हा सोपं करून सांगा.

खिळेजुळारी

ताई, आधी एक काम करा, बाकी सगळं नंतर. त्या हार्डडिस्कची आणि सीड्यांची जशीच्या तशी कॉपी काढून घ्या. फाइल उघडू नका, सेव्ह तर अजिबात करू नका, नुसती कॉपी. घरच्या राइट केलेल्या सीड्या वीस-पंचवीस वर्षांनी वाचल्या जातीलच असं नाही, आज वाचली ती पुढच्या पावसाळ्यानंतर वाचेल याची खात्री कोणी देत नाही. जुनी डिस्क आयडीई असेल, रुंद पट्टीच्या केबलची, तिला यूएसबीला जोडणारा अडॅप्टर मिळतो, महाग नसतो. फ्लॉपीचा यूएसबी ड्राइव्ह पण मिळतो. दोन कॉप्या करा आणि एक घराबाहेर ठेवा, कृष्णाकाठी राहता म्हणजे पुराचं तुम्हाला मी सांगायला नको.

आणि फाइलींबरोबर फॉन्ट पण कॉपी करा, हे लोक हमखास विसरतात. विंडोजच्या फॉन्ट फोल्डरमधून सगळे मराठी फॉन्ट उचला. सोळा अंकांच्या फाइली आहेत पण फॉन्ट गेला, म्हणजे कुलूप आहे आणि किल्ली नाही.

मी पुण्यात शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवण्यापासून सुरुवात केली, नंतर डीटीपीत आयुष्य काढलं. आमच्याकडचं मराठीचं सॉफ्टवेअर हार्डवेअर लॉकवर चालायचं. मागच्या बाजूला प्रिंटरच्या पोर्टात तो डबीएवढा लॉक लावला नाही तर की-बोर्ड मराठी उमटवायचाच नाही. मशीन बदललं, नव्या मशीनला ते पोर्टच नाही. कंपनीला फोन केला तर नवीन आवृत्ती घ्या म्हणाले. कंपनीचं नाव इथे घेत नाही, त्या काळात सगळ्यांचीच तीच रीत होती. पण त्यामुळे काय झालं की प्रत्येक कंपनीचा फॉन्ट वेगळा, आतली रचना वेगळी, एकाची फाइल दुसऱ्याला वाचता येऊ नये अशीच सोय. छपाईत ते चालून गेलं. कागदावर उमटलं की आमचं काम झालं, पुढे त्या फाइलीचं काय होईल हे कुणी विचारतच नव्हतं. नेट आलं तेव्हा हे सगळं उघडं पडलं.

अनुस्वार

खिळेजुळारी काकांनी सांगितलं ते आधी करा, मग खालचं वाचा. मी हिंजवडीत नोकरी करतो पण गेली काही वर्षं सुट्टीच्या दिवशी हेच काम करतोय, ओळखीच्या दोन संस्थांचे जुने अंक केलेत.

आधी फाइलीत नक्की काय आहे ते सांगतो, म्हणजे कन्व्हर्टर कुठे आपटतो ते कळेल. उदाहरण कृतिदेव या जुन्या फॉन्टचं घेतो कारण त्याचा तक्ता, म्हणजे कुठल्या इंग्रजी अक्षराच्या जागी कुठलं मराठी अक्षर ते, बऱ्याच जणांना माहितीये. कृतिदेवमधे 'मराठी' लिहिलेल्या फाइलीत खरं तर छोटा ई, छोटा जे, छोटा के, मोठा बी आणि छोटा एच अशी पाच इंग्रजी अक्षरं असतात. फॉन्टमधे ई च्या जागी म चं चित्र, जे च्या जागी र चं, के च्या जागी काना. फॉन्ट लावला की मराठी दिसतं, काढला की कचरा. कंप्युटरला त्यात मराठी आहे हे कधी कळलंच नाही, म्हणून सर्चला सापडत नाही. युनिकोडमधे म ला स्वतःचा नंबर आहे, फॉन्ट कुठलाही लावा, तो म च राहतो. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची आहे, आणि त्यातली देवनागरी आपल्याच इस्की नावाच्या भारतीय मानकावरून घेतलेली. म्हणजे तुमचा पहिला दिवाळी अंक लागला तेव्हा युनिकोड कागदावर होतं, पण आपल्या टेबलावर नव्हतं. विंडोजमधे देवनागरी नीट आली ती विंडोज २००० पासून, आणि एक्सपीमधे सुद्धा सेटिंगमधे जाऊन टिक करून सीडी घालावी लागायची. पेजमेकर तर युनिकोडच्या आधीच्या जमान्यातलं, त्याची शेवटची ७.० आवृत्ती २००१ ची. त्यामुळे छापखानेवाल्यांना दोष देण्यात अर्थ नाही, त्यांच्या हातात जे होतं त्यात त्यांनी हजारो पानं घडवली.

आता अडचण नुसती या अक्षराच्या जागी ते अक्षर एवढीच असती तर शाळेतल्या पोरानं प्रोग्रॅम लिहिला असता. जुन्या फॉन्टमधे मजकूर दिसण्याच्या क्रमानं साठवलेला असतो. 'किती' मधे पहिली वेलांटी आधी दिसते म्हणून फाइलीत आधी वेलांटी मग क. युनिकोडमधे उच्चाराचा क्रम, आधी क मग वेलांटी. रफार त्याच्या उलट, 'धर्म' मधे म टाइप केल्यावर मग रफार यायचा, युनिकोडला तो म च्या आधी लागतो. आणि 'सर्वांत' सारखा शब्द आला की रफाराला काना, अनुस्वार सगळं ओलांडून व च्या आधी न्यावं लागतं. बहुतेक फुकट कन्व्हर्टर इथपर्यंत बरे चालतात.

मग आपल्या मराठीची खास जागा येते. हिंदीसाठी बनवलेल्या कन्व्हर्टरला आपला अर्धा र माहितीच नसतो. 'शेतकऱ्यांनी' चं तो 'शेतकर्यांनी' करतो, 'दोऱ्या' चं 'दोर्या'. नेटवर असा मजकूर ढिगानं पडलाय. बरं, बरोबर लिहायच्या पण दोन पद्धती पसरल्यात. एक नुक्त्याचा ऱ घेऊन हलन्त (पाय मोडायचं चिन्ह) देणारी, आणि दुसरी साध्या र ला हलन्त देऊन मधे एक न दिसणारं जोडचिन्ह घालणारी. डोळ्याला दोन्ही सारख्या, पण बऱ्याच ठिकाणी एक शोधलं की दुसरं सापडत नाही. 'ॲ' चं तेच. हे अक्षर युनिकोडमधे २००८ मधे आलं, त्याआधी लोक अ ला जोडचिन्ह आणि चंद्र लावून काम भागवायचे. शब्दकोशासारखं पुस्तक करताय तर पहिल्या दिवशीच एक पद्धत ठरवा आणि सगळीकडे तीच ठेवा, नाहीतर सर्चसाठी केलेलं काम सर्चलाच सापडणार नाही.

ताई, फाइलींची नावं .पी६५ ने संपतात की .पीएमडी ने, ते सांगा.

धुळेकर

इतकं कशाला करता भाऊ? अंकाची छापील प्रत आहे ना? फोननं फोटो काढा, गुगल ड्राइव्हला टाका, तिथून डॉक्समधे उघडा, मराठी मजकूर समोर येतो. मी आमच्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेचं असंच केलं, एका सुट्टीत झालं. फॉन्टची भानगडच नाही, कारण तो चित्रच वाचतो. टेसरॅक्ट नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर पण मराठी वाचतं, नेट नसलं तरी चालतं. थोड्या चुका येतात, त्या वाचून दुरुस्त करायच्या.

ग्रंथपाल_सातारा

धुळेकर दादांचं म्हणणं स्मरणिकेला, लेखाला, कथेला बरोबर आहे. सलग मजकूर असेल आणि छपाई स्वच्छ असेल तर चित्रावरून वाचणं सगळ्यात सोपं, आम्ही वाचनालयात तेच करतो. आणि फाइल खराब झाली असेल तर तोच एक मार्ग उरतो.

पण गुरुजींच्या पुस्तकाला ते लावू नका असं माझं स्पष्ट मत आहे. ही सॉफ्टवेअरं नुसतं अक्षर बघत नाहीत, कुठला शब्द असायची शक्यता जास्त ते पण बघतात. 'चाडं' म्हणजे पेरणीच्या पाभरीवरचं बी सोडायचं लाकडी भांडं, हा शब्द त्यांना क्वचितच भेटलेला, 'झाडं' रोज भेटतो. मग काय उमटणार? हल्ली लोक असा मजकूर एआयला देऊन 'शुद्ध करून दे' म्हणतात, त्यात धोका अजून मोठा. आमच्याकडे एका विद्यार्थ्यानं ओव्यांचं टिपण असं शुद्ध करून आणलं होतं, वाचायला इतकं सुरेख की चूक आहे हे लक्षातच येईना, पण बाईनं म्हटलेले शब्दच गेले होते, 'हाये' चं 'आहे', 'म्या' चं 'मी'. कचरा अक्षर उमटलं तर निदान डोळ्याला खुपतं, चुकीचा पण नीटनेटका शब्द कुणाला खुपत नाही आणि तो तसाच पुढे जातो. बोलीच्या शब्दांचं पुस्तक प्रमाणभाषेत 'दुरुस्त' होऊन नेटवर गेलं तर न गेलेलं बरं. गुरुजींनी ते शब्द घरोघर फिरून गोळा केले असणार.

अजून एक मनातलं बोलते. आमच्याकडे शंभर वर्षांपूर्वीची मासिकं स्कॅन झालीत, त्यांची काळजी घेणारे लोक आहेत, त्यांना मान आहे. पण १९९० ते २०१० मधलं, तालुक्याच्या गावी छापलेलं जे आहे, ते ना जुनं म्हणून जपलं जातंय ना नवं म्हणून नेटवर येतंय. प्रती कमी निघायच्या, कागद साधा, आणि फाइली अशा बंद. लोकांना वाटतं कंप्युटरवर केलं म्हणजे राहिलं. उलट तेच आधी जाईल. म्हणून तुम्ही हे काम घेताय याचा मला खरंच फार आनंद झालाय.

कृष्णाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. कॉपी काढायला पुतण्याला बसवलंय, एका सीडीवर अडकतंय, बाकीच्या वाचल्या. फॉन्टचं फोल्डर पण घेतलं.

अनुस्वार दादा, जुन्या अंकांच्या फाइली .पी६५ आहेत, नंतरच्या .पीएमडी. गुरुजींचं पुस्तक .पीएमडी मधे. त्यात अजून एक अडचण आहे, प्रत्येक शब्दापुढे वनस्पतींची लॅटिन नावं इंग्रजी अक्षरात आहेत, बाभूळ, हिवर, खैर असं ज्या लाकडाचं अवजार त्याचं. एका ऑनलाइन कन्व्हर्टरमधे एक पान टाकलं तर मराठी बऱ्यापैकी आलं पण लॅटिन नावांचं पण त्यानं मराठी करून टाकलं, वाचता येत नाही असं काहीतरी. आणि काही ठिकाणी शब्दातलं एखादं अक्षरच गायब. असं का होतं?

ग्रंथपाल ताई, तुमचं वाचून अंगावर काटा आला. सासऱ्यांना वाचून दाखवलं, ते म्हणाले गुरुजी प्रुफं तपासायला स्वतः सायकलवर यायचे आणि एक अनुस्वार गेला तरी पान परत करायचे.

अनुस्वार

दोन्हीचं कारण सांगतो.

लॅटिन नावांचं असं की तुम्ही नुसता मजकूर कॉपी केलात, फॉन्टची माहिती मागेच राहिली. मग कन्व्हर्टरला मराठीवाला ई कुठला आणि इंग्रजीवाला ई कुठला हे कसं कळणार? म्हणून मजकूर टेक्स्ट म्हणून नाही, आरटीएफ म्हणून बाहेर काढायचा. पेजमेकरमधे स्टोरीत, म्हणजे सलग मजकुरात, कर्सर ठेवा, एक्सपोर्टमधे जाऊन रिच टेक्स्ट निवडा. आरटीएफमधे प्रत्येक तुकड्याबरोबर त्याचा फॉन्ट राहतो, मग जिथे मराठी फॉन्ट असेल तेवढंच बदलायचं, बाकीचं सोडायचं. दिवाळी अंकात एकाच पानावर दोन कंपन्यांचे फॉन्ट असतील तर प्रत्येकाला त्याचा त्याचा तक्ता लावता येतो. एकाच कंपनीच्या दोन आवृत्त्यांचे तक्ते पण सारखे असतील असं धरून चालू नका, एकेक पान काढून बघा.

गायब अक्षरांचं कारण असं. जुन्या फॉन्टला २५६ जागांमधे सगळं बसवायचं होतं, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, मात्रा, सगळंच. त्यामुळे त्यांनी १२८ च्या पुढच्या सगळ्या जागा वापरल्या. त्यातली १७३ नंबरची जागा विंडोजच्या हिशोबानं सॉफ्ट हायफनची आहे, ओळ तुटली तरच दिसणारी रेघ. वेबपेज, ईमेल, वर्ड यातलं कुणीतरी ती बिनकामाची समजून टाकून देतं, आणि तुमच्या फॉन्टमधे तिथे एखादं अर्धं अक्षर असतं ते गेलं. १६० नंबरचं पण असंच, तिथे स्पेस समजतात. म्हणून ब्राउझरच्या चौकटीत पेस्ट करू नका, फाइलच्या फाइल बदलणारा प्रोग्रॅम वापरा. अजून एक कारण, तुमच्या या फाइली कोणाच्या सर्व्हरवर जातात ते आपल्याला कळत नाही. अहवाल, सभासदांच्या याद्या असलं काही असेल तर ते मुळीच ऑनलाइन टाकू नका.

पेजमेकर चालणारं मशीन उद्या बंद पडलं तर? लिबरऑफिस घ्या, फुकट आहे. २०१५ च्या ४.४ आवृत्तीपासून त्याचं ड्रॉ पेजमेकरच्या फाइली उघडतं. मांडणी थोडी हलते, पण मजकूर आणि फॉन्टचं नाव हाताला लागतं, आपल्याला तेवढंच हवंय. ॲडोबीचं पानं लावायचं नंतरचं सॉफ्टवेअर इनडिझाइन सीएस६ पर्यंत पेजमेकर ६ आणि ७ च्या फाइली उघडायचं, पुढच्या क्लाउडवाल्या आवृत्त्या उघडत नाहीत. २०१३ पासून ते महिन्याच्या भाड्यावर गेलं, तेव्हा छोट्या छापखान्यांनी जुनं सीएस६ धरून ठेवलंय ते मला पूर्ण पटतं. भाडं थांबलं की स्वतःचीच फाइल उघडायला अडचण, हे लॉकच्या डबीपेक्षा फार वेगळं नाही. म्हणून बदललेला मजकूर साध्या युनिकोड टेक्स्टमधे एकदा ठेवाच, मांडणी नंतर कशातही करा.

तक्ता तुमच्या फॉन्टचा लागेल. फॉन्टच्या फाइली आणि गुरुजींच्या पुस्तकाचं एक आरटीएफ पान मला पाठवा, मी तक्ता बनवून प्रोग्रॅम परत पाठवतो. पैशाचं काही नाही.

खिळेजुळारी

यात एक भर घालतो. तपासताना स्क्रीनवर तपासू नका. जुन्या फाइलीचं पान काढा, नव्याचं काढा, एकानं मोठ्यानं वाचायचं आणि दुसऱ्यानं जुन्यात बोट ठेवून बघायचं. आम्ही प्रुफं अशीच वाचायचो. तुमचे सासरे वाचतील आणि तुम्ही बघाल तर सगळ्यात उत्तम, त्यांना गुरुजींची मूळ हस्तलिखितं आठवत असतील. जोडाक्षरांवर लक्ष ठेवा, 'द्ध' आणि 'ध्द' यात गोंधळ जुन्या टायपिंगमधेच असतो. ऑपरेटरनं घाईत दिसायला बरोबर म्हणून उलटं जोडलेलं असतं, कागदावर खपून जायचं, युनिकोडमधे ते लगेच उघडं पडतं.

नाशिककर_मिनेसोटा

मी डीटीपीवाला नाही, पण फॉन्टबद्दल एक सुचवतो. नेटवर टाकताना आणि पुन्हा छापताना मजकुराची भाषा 'मराठी' अशी लावा. बऱ्याच देवनागरी फॉन्टमधे मूळ ल आणि श हिंदी वळणाचे असतात, आणि भाषा मराठी लावली की आपल्या वळणाचे येतात. लिबरऑफिसमधे मजकूर निवडून भाषा बदलायची, वेबपेजला मराठीचा भाषेचा कोड 'एमआर' द्यायचा, बस. माझ्या आईला फोनवर मराठी वाचताना सारखं काहीतरी खटकायचं, तिला ते सांगता यायचं नाही, एकदा तिला दोन्ही ल शेजारी शेजारी दाखवले तेव्हा म्हणाली हा आपला. ज्या पुस्तकात शब्दच आपल्या मातीतले आहेत त्याला अक्षर पण आपलं असावं.

चांगले फुकट फॉन्ट आता आहेत. मुंबईच्या एक टाइपचा मुक्त, गुगलचा नोटो, आयआयटी मुंबईचा शोभिका, राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा. पूर्वीसारखा लॉक वगैरे नाही, छापायला पण चालतात. शोभिका छापील पुस्तकाला छान दिसतो, फोनवर मुक्त वाचायला बरा.

ग्रंथपाल_सातारा

हक्कांचं कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते.

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो, मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून मोजायचं. त्यामुळे गुरुजींच्या पुस्तकाचे हक्क आज त्यांच्या वारसांकडे असणार, तुम्ही छापलं म्हणून ते छापखान्याचे होत नाहीत. लेखी करार करून तुम्हाला दिले असतील तर गोष्ट वेगळी. घरी जाऊन भेटा, फोनवर विचारू नका. काय करणार आहोत ते दाखवा, एक पान बदलून प्रिंट काढून न्या. बहुतेक घरात नाही म्हणत नाहीत, उलट कपाटातून दुसरं हस्तलिखित काढून देतात असा माझा अनुभव आहे. होकार लेखी घ्या. क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना द्यायला तयार असतील तर पुस्तक मराठी विकिस्रोतावर ठेवता येईल, तिथे स्कॅन केलेलं पान एका बाजूला आणि युनिकोड मजकूर दुसऱ्या बाजूला असा दिसतो, कुणालाही ताडून बघता येतं आणि चूक सुधारता येते. बोलीच्या पुस्तकाला हे फार महत्त्वाचं, कारण शंका आली तर मूळ पान समोर असतं. पण परवान्याचा अर्थ त्यांना नीट समजावा, त्यात दुसऱ्यांना वापरायची, छापायची मुभा असते, नंतर मागे घेता येत नाही. तेवढं नको असेल तर नुसतं तुमच्या छापखान्याच्या साइटवर ठेवायची परवानगी घ्या, त्यातही वाईट काही नाही.

दिवाळी अंकाचं काम किचकट आहे, कारण प्रत्येक लेखाचा लेखक वेगळा आणि बहुतेकांचे हक्क त्यांच्याकडेच. सोळा वर्षांच्या अंकातले सगळे लेखक शोधणं लगेच होणार नाही. तोवर अनुक्रमणिका करा. अंकाचं वर्ष, लेखाचं नाव, लेखक, पान एवढंच युनिकोडमधे नेटवर गेलं तरी कुणीतरी शोधत तुमच्यापर्यंत येईल. नावांची यादी टाकायला कुणाची परवानगी लागत नाही.

धुळेकर

ग्रंथपाल ताई, बोलीचा मुद्दा पटला. आमच्याकडे अहिराणीत पण तेच होतं, फोनवर बोलून टाइप केलं तर तो मराठी करून टाकतो. आजीच्या गोष्टी मी तशाच उतरवल्यात, त्या परत ऐकून तपासतो आता. रेकॉर्डिंग जपून ठेवलंय.

कृष्णाकाठच्या ताई, एक विचारू का, त्या पुस्तकात औजारांची चित्रं आहेत का? असतील तर ती कशी ठेवणार?

कृष्णाकाठची

आहेत ना, गुरुजींच्या एका विद्यार्थ्यानं काढलेली शाईची रेखाटनं. पेजमेकरमधे ती नुसती जोडलेली होती, मूळ टिफ फाइली वेगळ्या फोल्डरमधे. बऱ्याच सापडल्या. जी सापडली नाहीत ती छापील प्रतीवरून ६०० डीपीआयला स्कॅन करणार आहे, रेषा आहेत म्हणून कमीवर नको असं सासरे म्हणाले.

अनुस्वार दादांनी प्रोग्रॅम पाठवला. पहिली पानं बदलून झाली, 'नाडा' पासून 'पाभर' पर्यंत. लॅटिन नावं जिथल्या तिथे राहिली. 'दोऱ्या' बरोबर आलं. सासरे आणि मी संध्याकाळी काकांनी सांगितलं तसं वाचत बसतो, ते चष्मा लावून मोठ्यानं वाचतात आणि मधेच थांबून ती वस्तू हातानं करून दाखवतात, सोंदूर कसा ओढायचा, मोट थारोळ्यात कशी उलटायची. पुतण्या ते फोनवर रेकॉर्ड करतोय. पुस्तकात नाहीत असे पण शब्द त्यात येतायत, ते वेगळ्या वहीत लिहून ठेवतेय, पुस्तकात मिसळणार नाही.

गुरुजींच्या मुलीचा पत्ता मिळाला, इस्लामपूरला असतात. रविवारी पहिल्या पानाची प्रिंट घेऊन जातेय. ग्रंथपाल ताई, परवानगीच्या पत्राचा मसुदा तुमच्याकडे असेल तर पाठवाल का? आणि अडकलेल्या त्या सीडीचं काय करता येईल ते कुणाला माहिती असेल तर सांगा, २००३ चा अख्खा अंक त्यातच आहे.

अनुस्वार

सीडीवर परत परत कॉपी मारू नका, ड्राइव्ह जितका जोर करेल तितकं बिघडायची भीती. साध्या पाण्यानं धुऊन मऊ कापडानं मधून बाहेर असं पुसा, गोल गोल नाही. मग दुसऱ्या कंपनीच्या ड्राइव्हमधे घालून बघा, एकाला न वाचलेली दुसऱ्याला वाचते. तरी नाही झालं तर लिनक्सवर डीडीरेस्क्यू नावाचं साधन आहे, वाचता येतील तेवढे भाग आधी उचलतं आणि राहिलेल्यांवर नंतर सावकाश प्रयत्न करतं. पुतण्याला माझ्याशी बोलायला सांगा, मी स्क्रीन शेअर करून बरोबर बसतो.

ग्रंथपाल_सातारा

मसुदा पाठवलाय ताई. जाताना पुस्तकाची छापील प्रत पण न्या, आणि वारस एकापेक्षा जास्त असतील तर सगळ्यांच्या सह्या घ्या.